तारीख मोजा, मग चाचणी करा: एचआयव्हीच्या रिपोर्टवर कधी विश्वास ठेवायचा

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका उपजिल्हा रुग्णालयाच्या आयसीटीसीत मी समुपदेशक आहे. आयसीटीसी म्हणजे एचआयव्हीबद्दल सल्ला देणारं आणि मोफत तपासणी करणारं सरकारी केंद्र. आमच्याकडे गरोदर बाया येतात, टीबीचे पेशंट येतात, ऑपरेशनच्या आधी तपासायला पाठवलेले येतात. आणि अधूनमधून कुणीतरी असा येतो, की हातात आधीच निगेटिव्ह रिपोर्ट असतो, तरी कित्येक रात्री डोळ्याला डोळा लागलेला नसतो. चिंचवडला किंवा हिंजवडीला नोकरी करणारा, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून एवढ्या लांब आलेला. दार लावून घेतलं की पहिला प्रश्न ठरलेला: "मॅडम, हा रिपोर्ट खरा असेल ना?"

त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्या सगळ्यांसाठी हे लिहितेय. एक कागद घ्या आणि त्यावर तीन गोष्टी लिहा. घटना कोणत्या तारखेला घडली, चाचणी कोणत्या प्रकारची केली, आणि रक्त कोणत्या तारखेला दिलं. या तिन्हींचा मेळ बसत असेल तर रिपोर्ट खरा धरायचा. बसत नसेल तर योग्य तारखेला एकदा परत रक्त द्यायचं. पुढचं सगळं लिखाण या कागदाभोवतीच आहे.

घटनेला तीन दिवस झाले नसतील तर

आधी वाचणं थांबवा आणि दवाखान्यात जा. एचआयव्हीचा विषाणू शरीरात गेल्यावर त्याला मुळं धरू न देणाऱ्या गोळ्या आहेत, त्यांना पेप म्हणतात. त्या ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हव्यात, आणि जितक्या लवकर तितकं चांगलं. पहिल्या दोन तासांत मिळाल्या तर उत्तमच. कोर्स २८ दिवसांचा असतो. आपल्याकडे त्यासाठी साधारणपणे टीएलडी ही दिवसाला एक घ्यायची गोळी देतात. टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर ही तीन औषधं त्यात एकत्र असतात. सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत किंवा एआरटी केंद्रात (एचआयव्हीवरचे उपचार म्हणजे एआरटी देणारं सरकारी केंद्र) जाऊन सरळ "पेप हवं आहे का ते बघा" म्हणा. काय घडलं ते ऐकून डॉक्टर ठरवतात. नर्सला किंवा सफाई कामगाराला सुई टोचली असेल तर जागा साबण-पाण्याने धुवायची, पिळायची नाही, आणि तसंच कॅज्युअल्टी गाठायची.

याच वेळी सुरुवातीची एक एचआयव्ही चाचणीही करतात. तिचा निकाल निगेटिव्ह आला तर त्याचा अर्थ एवढाच, की या घटनेच्या बऱ्याच आधीपासून तुम्हाला लागण नव्हती. दोन दिवसांपूर्वीच्या घटनेबद्दल ती काहीच सांगू शकत नाही. हाच रिपोर्ट घेऊन आनंदाने घरी गेलेले आणि मग आठवड्याने "पण तेव्हा तर दोनच दिवस झाले होते" म्हणून घाबरलेले लोक मी भरपूर पाहिलेत.

धोका झाला होता का, हे आधी तपासा

माझ्यासमोर बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांना चाचणीची गरजच नसते. मिठी, चुंबन, एका ताटात जेवण, सार्वजनिक संडास, डास यातून एचआयव्ही होत नाही. न्हाव्याच्या दुकानात वस्तरा लागला, ही गावाकडून येणारी नेहमीची भीती. नवीन ब्लेड मागून घ्यावंच, हिपॅटायटिस बीसाठी ते महत्त्वाचं आहे. पण एवढ्यावरून मी कुणाला एचआयव्हीच्या तारखा लावून देत नाही.

खरा धोका असतो तो कंडोमशिवाय झालेल्या किंवा कंडोम फाटलेल्या संबंधात, दुसऱ्याने वापरलेल्या सुईत, आणि उघड्या जखमेला ताजं रक्त लागण्यात. तोही किती, ते आकड्यांत ऐकलं की पुष्कळांचा श्वास खाली बसतो. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेचे अंदाज असे आहेत: समोरच्या व्यक्तीला एचआयव्ही असेल आणि ती उपचारावर नसेल, तर योनिमार्गातल्या एका संबंधातून बाईला लागण होण्याची शक्यता १०,००० मध्ये ८, पुरुषाला १०,००० मध्ये ४. गुदमार्गाने संबंध स्वीकारणाऱ्याला १०,००० मध्ये १३८. सुई वाटून नशा करण्यात ६३, दवाखान्यात सुई टोचण्यात २३. जोडीदाराला गुप्तरोगाची जखम असेल किंवा त्याला स्वतःला नुकतीच लागण झालेली असेल, तर हे आकडे वाढतात. म्हणून चाचणी करायचीच. पण "एकदा चूक झाली म्हणजे मला झालाच" हे मनात पक्कं बसलेलं असतं ना, त्याला या आकड्यांत कुठेच आधार नाही.

अजून एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. एचआयव्ही असलेली व्यक्ती नियमित एआरटी घेत असेल आणि तिचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, तपासणीत सापडत नाही इतका खाली राहिलेला असेल, तर तिच्याकडून लैंगिक संबंधातून लागण होत नाही. माझ्याकडे अशी जोडपी आहेत, एकाला एचआयव्ही, दुसऱ्याला नाही, आणि संसार व्यवस्थित चाललेत.

तारखांचा हिशोब

लागण झाल्यावर आधी रक्तात विषाणू दिसू लागतो, मग त्याच्या कवचातलं पी२४ नावाचं प्रथिन, आणि त्यानंतर आपल्या शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्यं, म्हणजे अँटिबॉडी. कोणती चाचणी यातलं काय शोधते त्यावर तिला किती दिवस लागणार हे ठरतं. या मधल्या काळाला विंडो पीरियड म्हणतात.

विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय भाग, शोधणारी चाचणी, जिला लोक पीसीआर म्हणतात, साधारण १० ते ३३ दिवसांत लागण पकडते. प्रयोगशाळेत शिरेतल्या रक्तावर होणारी फोर्थ जनरेशन चाचणी पी२४ आणि अँटिबॉडी दोन्ही शोधते. तिला १८ ते ४५ दिवस लागतात. फक्त अँटिबॉडी शोधणाऱ्या रॅपिड किटला २३ ते ९० दिवस, आणि बोटाच्या रक्तावरच्या फोर्थ जनरेशन किटला १८ ते ९०. यातला पहिला आकडा म्हणजे कुणाकुणात दिसायला लागण्याचा दिवस, आणि दुसरा म्हणजे जवळजवळ सगळ्यांत दिसण्याचा दिवस. तुम्ही दुसरा आकडा धरायचा.

उदाहरण घेऊ. घटना १ जूनची आहे. पेपची मुदत ४ जूनला संपली. फोर्थ जनरेशन चाचणीसाठी तुमची तारीख १६ जुलै. आमच्यासारख्या केंद्रात रॅपिड किटवर शेवटची तपासणी करायची तर ३० ऑगस्ट. १६ जुलैनंतर दिलेल्या रक्ताचा फोर्थ जनरेशन रिपोर्ट निगेटिव्ह आला तर तो मोठाच दिलासा आहे. तरी सरकारी पद्धतीनुसार आम्ही तीन महिन्यांनी एकदा बोलावतोच, आणि माझा सल्लाही तोच. ३० ऑगस्टनंतरचा निगेटिव्ह म्हणजे या घटनेपुरता विषय संपला.

पेप घेतलं असेल तर हे दिवस घटनेपासून मोजू नका. गोळ्यांमुळे चाचणीत दिसणं लांबू शकतं, म्हणून गोळ्या संपल्याच्या दिवसापासून पुढे मोजायचं. तारखा डॉक्टरांकडून लिहून घ्या. प्रेप (लागण होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायच्या गोळ्या) चालू असेल, कॅन्सरची केमोथेरपी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील, तर तेही रक्त देण्याआधी सांगा. रोजच्या बाकीच्या गोष्टींनी निकाल बदलत नाही. ॲझिथ्रोमायसिन घेतलं होतं, आदल्या रात्री दारू प्यायलो होतो, उपाशीपोटी गेलो नव्हतो, पाळी चालू होती, सर्दी होती: हे सगळं मला विचारलं जातं आणि सगळ्याला उत्तर एकच, फरक पडत नाही.

पीसीआरबद्दल स्वतंत्रपणे सांगायला हवं, कारण घाबरलेला माणूस पैशाकडे बघत नाही. बाहेर या चाचणीला हजारो रुपये मोजावे लागतात. नवजात बाळासाठी, ताज्या लागणीची दाट शंका असताना किंवा डॉक्टरांना एखादा गोंधळ सोडवायचा असताना ती कामाची. दहाव्या दिवशी ती निगेटिव्ह आली म्हणून तुमची पुढची तारीख टळत नाही, मग नुसत्या मनाच्या समाधानासाठी तेवढे पैसे घालवू नका.

आणि कृपा करून तपासणी होईल म्हणून रक्तदान शिबिरात जाऊ नका. विंडो पीरियडमधलं रक्त तपासणीत सुटू शकतं आणि ते एखाद्या बाळंतिणीला किंवा थॅलेसेमियाच्या लेकराला चढू शकतं.

केंद्रात नक्की काय होतं

पहिल्यांदा माझ्यासमोर बसायचं. नाव-पत्ता नोंदला जातो, तुम्हाला एक क्रमांक मिळतो, मी चाचणीबद्दल सांगते आणि तुमची संमती घेते. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने (तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला) संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि तुमची माहिती गोपनीय ठेवणं आम्हाला बंधनकारक आहे. इथे मला खरी तारीख सांगा. लाजेखातर "तीन महिने झाले" म्हणून सांगितलं आणि प्रत्यक्षात तीन आठवडे झाले असतील, तर माझा सल्ला तुमच्या काहीच उपयोगाचा नाही.

मग शेजारच्या खोलीत लॅब टेक्निशियन. किट फ्रिजमधून काढून खोलीच्या तापमानाला येऊ देतात, एक्स्पायरीची तारीख बघतात, पट्टीवर तुमचा क्रमांक लिहितात. आमच्याकडे येणाऱ्या किटपैकी एकात तीन ठिपक्यांची जागा असते: एक कंट्रोल, एक एचआयव्ही-१, एक एचआयव्ही-२. रक्ताचा भाग आणि द्रावण ठरलेल्या क्रमाने थेंबाथेंबाने सोडलं की कंट्रोलचा ठिपका गुलाबी उमटतो. तो उमटला म्हणजे किट चालू आहे. तो उमटलाच नाही तर निकाल बाद, नवीन किट घ्यायची. म्हणजे "किट खराब असेल तर?" या प्रश्नाचं उत्तर त्या किटमध्येच असतं. घड्याळ लावून ठरलेल्या वेळेत वाचन होतं. तासाभराने वाळलेल्या पट्टीवर एखादी पुसट रेघ दिसली तर तिला काही अर्थ नसतो. घरी किट मागवून ती कचऱ्यातून काढून टॉर्चच्या उजेडात बघणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचावं.

"रक्ताची अदलाबदल झाली असेल" ही पुढची शंका. शंका असेल तर नळीवर आणि पट्टीवर क्रमांक टाकताना बघा, तसं सांगा. आमचे टेक्निशियन राग मानत नाहीत. आमच्यासारख्या केंद्रांच्या कामाची वरच्या प्रयोगशाळांकडून वेळोवेळी पडताळणीही होते.

खासगी लॅबचा रिपोर्ट कसा वाचायचा

रिपोर्टवर चाचणीची पद्धत लिहिलेली असते. तिथे सीएमआयए किंवा ईसीएलआयए असं असेल आणि पी२४ अँटिजेनचा उल्लेख असेल तर ती फोर्थ जनरेशन. रॅपिड किंवा इम्युनोक्रोमॅटोग्राफी असेल तर ९० दिवसांचा हिशोब. काही लिहिलेलंच नसेल तर लॅबला फोन करून विचारा, आणि उत्तर मिळेना तर तिलाही ९० दिवसच धरा.

आता त्या आकड्याबद्दल. मशीनवरच्या रिपोर्टमध्ये ०.०९, ०.१४, ०.२३ असं काहीतरी छापलेलं असतं आणि समोर लिहिलेलं असतं, १.०० पेक्षा कमी म्हणजे नॉन-रिॲक्टिव्ह, म्हणजेच निगेटिव्ह. एक मुलगा दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून माझ्याकडे आला होता. जुना ०.११, नवा ०.२६. त्याच्या डोक्यात विषाणू दुपटीने वाढला होता. त्याने वहीत त्याचा आलेखही काढला होता, आणि पुढच्या महिन्यात आकडा १ च्या पार जाणार ही तारीखसुद्धा. मी त्याला जे सांगितलं तेच इथे सांगते. हा आकडा म्हणजे मशीनने पकडलेला उजेड आणि ठरवलेली मर्यादारेषा यांचं गुणोत्तर. रक्तात काहीच नसलं तरी मशीन शून्य दाखवत नाही, थोडी पार्श्वभूमी राहतेच. मशीन बदललं, किटची बॅच बदलली, की तो हलतो. ०.११ आणि ०.२६ यात काडीचा फरक नाही. मर्यादेच्या खाली आहे का, एवढंच बघायचं.

रिॲक्टिव्ह आला तर

पहिल्या चाचणीचा रिॲक्टिव्ह हा अंतिम निकाल नसतो. हे धीर देण्यासाठी म्हणत नाही, गणितच तसं आहे. आपल्या देशात प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण साधारण ०.२ टक्के आहे. म्हणजे सरसकट १०,००० जणांना तपासलं तर २० जणांना एचआयव्ही असेल. समजा किट चांगली आहे, हजारात फक्त ५ निरोगी माणसांना चुकून रिॲक्टिव्ह दाखवते. तरी उरलेल्या ९,९८० मधून सुमारे ५० जण चुकीने रिॲक्टिव्ह निघतील. २० खरे, ५० खोटे. गरोदरपणात किंवा काही ऑटोइम्यून (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते अशा) आजारांत असं होऊ शकतं. म्हणून लक्षणं नसलेल्या माणसाला सरकारी केंद्रात वेगवेगळ्या बनावटीच्या तीन किटवर तपासतात आणि तिन्ही रिॲक्टिव्ह आल्या तरच पॉझिटिव्ह म्हणतात. पहिलीच नॉन-रिॲक्टिव्ह आली तर तिथेच निगेटिव्ह. मेळ बसला नाही तर काही दिवसांनी परत बोलावतात किंवा पुढे पाठवतात.

तेव्हा खासगी लॅबमध्ये एक चाचणी रिॲक्टिव्ह आली तर कुणालाही काही सांगण्याआधी, नोकरी किंवा लग्न याबद्दल काही ठरवण्याआधी आयसीटीसीत या. आणि तिथेही पॉझिटिव्ह आलं तर त्याच आठवड्यात एआरटी केंद्रात नाव नोंदवून उपचार सुरू करा. भारतात एआरटी २००४ पासून सरकारकडून मोफत मिळते, आणि २०१७ पासून सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) कितीही असो, निदान झालं की औषध सुरू करतात. वेळेवर गोळी घेणारी माणसं म्हातारी होतात, नातवंडं खेळवतात. मी त्यांना दर महिन्याला बघते.

निगेटिव्ह आला, तरी मन मानत नाही

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे माणूस एकटा पडतो.

आधी लक्षणांबद्दल. ताज्या लागणीत दोन ते चार आठवड्यांनी ताप, घसा दुखणं, अंगावर पुरळ, गाठी सुजणं असं होऊ शकतं. कित्येकांना काहीच होत नाही. पण याच तक्रारी साध्या व्हायरलमध्ये होतात आणि काळजीनेही अंग मोडून येतं, जुलाब होतात, भूक मरून वजन उतरतं. मानेतली गाठ दिवसातून वीस वेळा दाबून बघितली तर ती दुखणारच. सकाळी आरशात जिभेवर पांढरा थर जवळजवळ प्रत्येकाला दिसतो. लक्षणांवरून एचआयव्ही ठरत नाही आणि फेटाळलाही जात नाही; ते काम योग्य तारखेच्या चाचणीचं.

मी अशा माणसाबरोबर चाचणीच्या आधीच एक करार करते. कोणती चाचणी, कोणत्या तारखेला, आणि तो निकाल अंतिम मानायचा, हे त्याच्याच हाताने कागदावर लिहून घेते. कारण निकाल हातात आल्यावर नवीन शंका सुचतेच, आणि परत चाचणी केली की दोन दिवस बरं वाटतं, तिसऱ्या दिवशी तीच शंका दुसरं रूप घेऊन येते. प्रत्येक नवी चाचणी त्या शंकेला खतपाणी घालते. परत लॅबकडे पाय वळतील तेव्हा तो कागद काढून वाचायचा आणि जाणं दुसऱ्या दिवसावर ढकलायचं. रात्री मोबाईलवर लक्षणं शोधणं बंद करायचं. हे सगळ्यात अवघड जातं, म्हणून काही दिवस फोन दुसऱ्या खोलीत ठेवून झोपा. आणि एका तरी माणसाला सांगा. मित्र, बहीण, कुणीही. कुणालाच सांगता येत नसेल तर नॅकोची (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची) मोफत हेल्पलाइन आहे, १०९७.

बऱ्याचदा बोलता बोलता कळतं की भीती विषाणूची कमी आणि घडलेल्या गोष्टीची जास्त आहे. बायकोला फसवलं, आईला कळलं तर काय, मी घाणेरडा आहे. यावर लॅबकडे औषध नाही. त्याबद्दल उघड बोलावं लागतं, माझ्यासारख्या समुपदेशकाशी किंवा मानसोपचारतज्ज्ञाशी. ९० दिवसांनंतरचा निगेटिव्ह रिपोर्ट हातात असूनही महिनाभर झोप नाही, कामावर लक्ष नाही, हात सारखे धुतले जातायत, लेकराला जवळ घ्यायची भीती वाटतेय, असं असेल तर तो चिंतेचा किंवा ओसीडीचा (तेच विचार, त्याच कृती परत परत होण्याचा) आजार असू शकतो आणि त्यावर चांगले उपचार आहेत. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर तारखेची, रिपोर्टची वाट न बघता आत्ताच फोन करा.

वाट बघण्याच्या काळात

शेवटच्या निकालापर्यंत जोडीदाराबरोबर कंडोम वापरा. घरात बायको गरोदर असेल किंवा अंगावर पाजत असेल तर यात अजिबात ढिलाई नको. कंडोम आयसीटीसीत मोफत मिळतात.

आणि सगळं लक्ष एचआयव्हीवर असताना बाकीचे आजार सुटून जातात, जे त्याच घटनेतून होऊ शकतात, आणि त्यातल्या काहींची शक्यता एचआयव्हीपेक्षा जास्त असते. सिफिलिससाठी व्हीडीआरएल किंवा आरपीआर, शिवाय हिपॅटायटिस बी आणि सी यांच्या तपासण्या डॉक्टरांना विचारून करून घ्या. लघवीला जळजळ, स्राव किंवा जखम असेल तर सरकारी रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये (गुप्तरोगांच्या दवाखान्यात) दाखवा. सिफिलिस पेनिसिलिनने पूर्ण बरा होतो. हिपॅटायटिस बीची लस घेतलेली नसेल तर तपासणी निगेटिव्ह आल्यावर ती सुरू करा: पहिला डोस, एक महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा.